परग्रहावरची हाक आणि ऐकणाऱ्याची परीक्षा

पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आळंदीची चार भावंडे शुद्धिपत्र मागायला गोदाकाठच्या ब्रह्मवृंदापुढे उभी असतात. समोरून एक रेडा चाललेला असतो. कुणीतरी हिणवून म्हणतो, याचेही नाव ज्ञानाच आहे. रेड्यावर आसूड पडतो आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात. मग रेडा ऋचा म्हणू लागतो. या कथेत परीक्षा ज्ञानदेवांची मांडलेली असते, पण उघडे पडतात ते परीक्षक. ज्ञान कुठे असू शकते आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा मक्ता ज्यांच्याकडे होता, त्यांच्या कानांवर भलत्याच ठिकाणाहून शब्द आले.

पैठणशी जोडलेली दुसरी कथा याहून जुनी आहे. प्रतिष्ठान, म्हणजेच पैठण, ही सातवाहनांची राजधानी असताना राजदरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्ही त्याने सोडल्या. विंध्यारण्यात जाऊन तो पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा पाहूनच ग्रंथ परत पाठवला. गुणाढ्य रानात एकेक पान वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान जाळू लागला. पशुपक्षी चारापाणी सोडून ऐकत बसले. राजाला शोध लागला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. अकराव्या शतकातल्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ही हकिकत सविस्तर सांगितली आहे.

परग्रहावरच्या बुद्धिमत्तेचा शोध हा विज्ञानकथेचा लाडका विषय आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत त्यावर हजारो पाने लिहिली गेली, चित्रपट निघाले, मराठीतही मोलाचे लेखन झाले. या साऱ्याचा आढावा घेताना पैठणच्या या दोन कथा हाताशी ठेवाव्यात असे मला वाटते. कारण या विषयावरची उत्तम विज्ञानकथा शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन ठेपते : हाक आली तर ती ऐकण्याची आपली लायकी आहे का?

स्वारीपासून श्रवणापर्यंत

सुरुवात झाली ती भीतीपासून. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७मध्ये क्रमशः आणि १८९८मध्ये पुस्तकरूपाने आली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चालून येतात, तोफा निकामी ठरतात, लंडन ओस पडते. वेल्सने पहिल्याच प्रकरणात टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली आहे. युरोपीय माणसाने दुबळ्यांशी जे केले, तेच कुणी त्याच्याशी केले तर काय, हा त्याचा सवाल होता. पुढे या कथानकाच्या शेकडो नकला निघाल्या. त्यांत किरणांच्या बंदुका आल्या, हिरवे प्राणी आले, आणि वेल्सचा सवाल मागे पडला.

या वाटेला वळण दिले ते शास्त्रज्ञांनी. १९५९मध्ये ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला. दूरच्या ताऱ्याभोवतीच्या कुणाला आपल्याशी बोलायचे असेल, तर ते रेडिओलहरी वापरतील आणि १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतील, असे त्यांचे म्हणणे होते. हायड्रोजनचा अणू याच कंप्रतेला लहरी सोडतो आणि हायड्रोजन विश्वात सगळीकडे आहे, म्हणजे ही खूण सगळ्यांना माहीत असणार. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेकने अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथून टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. हाती काही आले नाही, पण शोधाची पद्धत ठरली. १५ ऑगस्ट १९७७ला ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरदार संकेत टिपला. जेरी एहमनने नोंदीच्या कागदावर त्याला वर्तुळ करून शेजारी ‘वॉव’ लिहिले. तसा संकेत त्या जागेवरून पुन्हा मिळाला नाही.

विज्ञानकथेतले परग्रहवासी त्यानंतर दाराशी येऊन थडकण्याऐवजी दुरून बोलू लागले. या प्रवाहातली सर्वांत गाजलेली कादंबरी कार्ल सेगनची ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५). अभिजित ताऱ्याकडून मूळ संख्यांची माळ येते. मूळ संख्या निसर्गात आपोआप क्रमाने ऐकू येत नाहीत, म्हणजे पाठवणारा कुणीतरी आहे. त्या संदेशाच्या आत लपलेले पहिले चित्र उलगडते ते १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमधले हिटलरचे. पृथ्वीवरून सुटलेले ते पहिले जोरदार दूरचित्रवाणी प्रक्षेपण तिथवर पोचले आणि ‘तुमचे ऐकू आले’ एवढे कळवण्यासाठी त्यांनी तेच परत पाठवले. आपण जगाला काय ऐकवत आलो आहोत, याचा आरसा सेगनने एका प्रसंगात समोर धरला.

सेगनच्या आधी जेम्स गन यांनी ‘द लिसनर्स’मध्ये (१९७२) या शोधाची खरी अडचण ओळखली होती. ती आहे वेळ. त्यांच्या कादंबरीत कॅपेला ताऱ्याकडून संदेश येतो, पण उत्तर जाऊन त्याचे प्रत्युत्तर यायला ९० वर्षे लागणार असतात. ऐकणारे म्हातारे होतात, त्यांची मुले कानाला यंत्र लावून बसतात, दर काही वर्षांनी पैसे देणाऱ्यांना समजवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कामाची ही चिकाटी वारी चालणाऱ्या महाराष्ट्राला वेगळी समजावून सांगावी लागू नये.

संदेशाच्या पोटात काय?

दूरवरून आलेला संदेश हितकर असेलच कशावरून? हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो खगोलशास्त्रज्ञ फ्रेड होइल यांनी, आणि इथून कथा थेट मराठीकडे वळते. होइल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीत होइल यांनी सूर्याजवळ आलेला वायू आणि धूलिकणांचा अवाढव्य मेघच बुद्धिमान आहे अशी कल्पना केली. घट्ट गोळ्यावर, म्हणजे ग्रहावर, बुद्धी उपजू शकते याचे त्या मेघालाच नवल वाटते. त्याचे ज्ञान मेंदूत उतरवून घेऊ पाहणारा माणूस ते पेलवत नाही म्हणून दगावतो. १९६१मध्ये बीबीसीसाठी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’त रेडिओसंदेशातून एका संगणकाचा आराखडा मिळतो. माणसे तो हौसेने बांधतात आणि नंतर कळते की यंत्राचे हेतू यंत्र पाठवणाऱ्यांचे आहेत.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत हीच चिंता मराठी मातीत रुजते. इथे ठेवा आकाशातून येत नाही. जमिनीखाली खोदताना लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीची पेटी सापडते. पेटीतल्या ज्ञानाच्या जोरावर माणूस वामन नावाचा यंत्रमानव घडवतो. ज्या यंत्रांपायी ती संस्कृती बुडाली, त्याच वाटेने आपणही निघालो आहोत हे उशिरा ध्यानात येते. तीन पावले जमीन मागून त्रैलोक्य व्यापणाऱ्या वामनाची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असते, त्यामुळे नावातच धोक्याची सूचना आहे. आज स्वतः शिकणाऱ्या यंत्रांबद्दल रोज चर्चा होते, तेव्हा १९८०च्या दशकातली ही कादंबरी पुन्हा वाचावी अशी आहे.

‘प्रेषित’ ही नारळीकरांची कादंबरी तर थेट परग्रहीय संपर्काचीच. दूरच्या ग्रहावरून पाठवलेले एक मूल इथल्या माणसांत वाढते, आलोक हे नाव घेते, आणि आपण कोण व कशासाठी आलो हा प्रश्न त्याला गाठतो. संदेश म्हणून आकडे किंवा आराखडा येत नाही, जिवंत माणूस येतो. त्याला वाढवायचे, शिकवायचे, त्याच्यावर माया करायची, म्हणजे संपर्काची जबाबदारी प्रयोगशाळेबाहेर घरात येते. मराठी वाचकांच्या पिढ्यांनी ही कादंबरी शाळकरी वयात वाचली, याचे कारण हेच असावे.

कळणारच नाही असे

तिसरा प्रवाह सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत खरा. पोलिश लेखक स्टॅनिस्लॉ लेम यांनी ‘सोलारिस’मध्ये (१९६१) संपूर्ण ग्रह व्यापणारा जिवंत महासागर दाखवला. माणसे त्याचा शंभर वर्षे अभ्यास करतात, ग्रंथालये भरतात, आणि त्याच्या मनात काय आहे हे त्यांना कधीच कळत नाही. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्ये (१९६८) नेवाडाच्या वाळवंटात कोंडलेले शास्त्रज्ञ एका न्यूट्रिनो-संदेशाशी झटतात. त्यांच्या हाती तुकडे लागतात, अर्थ लागत नाही. टेड चियांग यांच्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’मध्ये (१९९८) एक भाषाशास्त्रज्ञ परग्रहवासीयांची लिपी शिकते, पण ती शिकताना काळाकडे पाहण्याची तिची दृष्टीच बदलते. २०१६चा ‘अरायव्हल’ हा चित्रपट या कथेवरच बेतलेला आहे.

अर्थ लावणे किती कठीण आहे हे आपल्या सह्याद्रीतच पाहता येते. पैठणहून निघालेला सातवाहनकालीन व्यापारी मार्ग जुन्नरवरून नाणेघाटाने कोकणात उतरे. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांची नावे, दक्षिणेत दिलेल्या गाई आणि नाणी, आणि अंक, हे सारे दगडात कोरलेले. कित्येक शतके वाटसरू त्याच्या सावलीत बसून गेले आणि कुणालाही त्यातले अक्षर लागत नव्हते. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, ती एका साध्या निरीक्षणावरून. सांचीच्या स्तूपावरचे बरेच छोटे लेख एकाच अक्षरजोडीने संपत होते. देवळाला माणसे काय देतात आणि त्यावर काय लिहितात याचा विचार करून त्याने ताडले की तो शब्द ‘दानं’ असणार. तिथून बाकीची अक्षरे सुटत गेली.

म्हणजे लिपी सुटली ती आपण आणि ते लिहिणारे यांच्यात दान देण्याची एक रीत सामाईक होती म्हणून. ज्यांच्याशी आपली अशी एकही रीत सामाईक नाही, त्यांच्या लेखाचे काय होणार? गणित आणि हायड्रोजन सामाईक असतील, असे शास्त्रज्ञ म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. पण मूळ संख्यांवरून ‘कुणीतरी आहे’ एवढे कळेल. त्यांना सुख कशात वाटते, दुःख कशात, मरण म्हणजे काय, हे कळायला दानासारखी एखादी रीत लागेल. लेम यांचा निराश सूर इथून येतो, आणि तो सहज खोडून काढता येत नाही.

आकाश गप्प का?

एन्रिको फर्मी यांनी १९५०मध्ये सहकाऱ्यांबरोबर जेवताना विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे : ते सगळे आहेत कुठे? दीर्घिका एवढी जुनी, तारे एवढे, तर एव्हाना कुणाचा तरी पत्ता लागायला हवा होता. १९९५मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, आणि आता असे हजारो ग्रह नोंदले गेले आहेत. त्यामुळे हा प्रश्न अधिकच टोचू लागला आहे.

विज्ञानकथेने या शांततेची अनेक उत्तरे दिली. आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘रॉन्देव्हू विथ रामा’मध्ये (१९७३) परक्यांचे प्रचंड यान सूर्याजवळून जाते. माणसे आत शिरून पाहतात, आणि यान आपल्या वाटेने निघून जाते. त्याला आपल्याशी काही कर्तव्यच नसते. चिनी लेखक लिउ त्सीशिन यांनी २००८च्या कादंबरीत विश्वाची कल्पना अंधाऱ्या जंगलासारखी केली. प्रत्येक संस्कृती बंदूक घेऊन दबा धरून आहे, आवाज करणारा पहिला मरतो, म्हणून सगळे गप्प. हे उत्तर जगभर उचलले गेले. ते तर्काने घट्ट आहे, पण त्यामागे प्रत्येक परका शत्रूच असतो हे गृहीतक आहे. मला ते मान्य नाही. गुणाढ्याच्या कथेत शांततेचे दुसरे कारण दिसते : सांगणारा सांगत होता, पण दरबाराला ती भाषा हलकी वाटली.

आपण काय पाठवले?

ऐकण्याबरोबर आपण बोललोही. १६ नोव्हेंबर १९७४ला अरेसिबो दुर्बिणीवरून १,६७९ अंकांचा संदेश एम-१३ या तारकागुच्छाकडे सोडण्यात आला. १,६७९ हा २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ऐकणाऱ्याने हे ओळखले, तर तेवढ्या ओळी आणि रकाने मांडून त्याला माणसाची, डीएनएची आणि दुर्बिणीची चित्रे दिसतील. तिथे पोचायला सुमारे २५ हजार वर्षे लागतील.

१९७७च्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या आहेत, आणि त्यात मराठीचाही वाटा आहे. ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये एक मराठी शुभेच्छा आहे. तिचा आशय असा की पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवतात आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावे असे इच्छितात. इतर कित्येक भाषांतल्या शुभेच्छा नुसत्या नमस्कारावर थांबतात. मराठी आवाज समोरच्याच्या जन्माची काळजी करतो. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीतल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी भैरवीत गायलेली ‘जात कहाँ हो’ ही चीज आहे. साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ सुटले ५ सप्टेंबर १९७७ला, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या. हे यान २०१२मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. माणसाने बनवलेली यापेक्षा दूर गेलेली दुसरी वस्तू नाही.

या आवाजांवर मराठीत किती कथा लिहिल्या गेल्या? विषय दाराशी चालत आला असूनही, माझ्या मते, फारच थोड्या.

मराठी विज्ञानकथेची जमा बाजू

मराठीत विज्ञानकथा आली ती भाषांतराच्या वाटेने. १९००मध्ये ‘केरळ कोकिळ’मध्ये जूल व्हर्नची ‘चंद्रलोकची सफर’ येऊ लागली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत पोचवला. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत आणि वैज्ञानिक कथांना घर दिले. मराठी विज्ञान परिषद १९६६मध्ये स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ती नारळीकरांची होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही परंपरा भक्कम केली. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मध्यभागी जागा मिळाली. २० मे २०२५ला ते गेले.

नारळीकरांचे मोठेपण असे की त्यांनी परग्रहीय जीवसृष्टी केवळ कल्पिली नाही, ती शोधलीही. हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या बलूनमधून २००१ आणि २००५मध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. २००५च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांतल्या एकीला होइल यांचे नाव मिळाले : जॅनिबॅक्टर होइली. हे जिवाणू आकाशातून आले असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही मान्य केले. कल्पना करायची धाडसी आणि पुरावा तपासायचा कसोशीने, ही शिस्त मराठी विज्ञानकथेला त्यांनी दिली.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. आपल्या परग्रह-कथांमध्ये संपर्क होतो तो बहुधा शास्त्रज्ञाशी, संस्थेत, परिषदेत. बंगालीत सत्यजित राय यांनी १९६२मध्ये ‘बंकुबाबूर बंधू’ लिहिली. गावातल्या बड्या मंडळींनी ज्याची रोज टिंगल करायची, असा गरीब शाळामास्तर बांबूच्या बनात परग्रहवासीयाला भेटतो. त्या भेटीने त्याला इतके बळ येते की तो दुसऱ्या दिवशी बैठकीत ताठ उभा राहतो. हिंदीत ‘कोई मिल गया’ (२००३) आणि ‘पीके’ (२०१४) यांनी हीच जागा आपापल्या परीने धरली. ज्याला कुणी गणतीत धरत नाही, त्याच्याकडेच पाहुणा येतो. रेड्याच्या कथेचा गाभा हाच आहे, आणि ती कथा पैठणची असूनही मराठी विज्ञानकथेने तिला पुरेसे हाताळलेले नाही.

खोडदला हाक आली तर

लेखकाला हवी ती सामग्री आपल्या भूमीवर तयार आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभ्या राहिलेल्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीने विणलेल्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. कोकोनी आणि मॉरिसन यांनी सांगितलेली हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची खूण ही दुर्बीण ऐकू शकते. १९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा अतिक्षीण संकेत याच दुर्बिणीने टिपला होता, उतरता उतरता तो तुटेपर्यंत. आणि याच तालुक्यात आळे गावी, पैठणला वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे असे परंपरा मानते. तिथे आजही भाविक येतात.

समजा, खोडदला तसा संकेत आला. जगभरच्या संशोधकांनी १९८९मध्ये एक आचारसंहिता ठरवली आहे : आधी इतर दुर्बिणींकडून खात्री करा, मग जगाला उघड सांगा, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर पाठवू नका. या तिसऱ्या कलमात मोठी कादंबरी दडलेली आहे. उत्तर कोण लिहील? नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारील का? दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून परिसरातल्या गावांना काय सोसावे लागेल? पैठणचा पुराणिक, विद्यापीठातला भाषातज्ज्ञ, पालावरची आजी, या तिघांना त्या संदेशात तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतील का? आणि ज्यांचे म्हणणे आपण आपल्याच गावात ऐकून घेत नाही, त्यांना वगळून ‘मानवजातीच्या वतीने’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दिवाळी अंकांच्या संपादकांनी आणि तरुण लेखकांनी हा विषय उचलावा अशी माझी मनापासूनची मागणी आहे. होइल आणि नारळीकरांनी विज्ञान चोख कसे ठेवायचे ते दाखवले, लेम यांनी नम्रता शिकवली, राय यांनी पाहुणा कुणाच्या दारी येतो ते सांगितले. मराठीकडे या चौघांच्या जोडीला आणखी एक शिदोरी आहे : ज्याच्याकडून शब्दाची अपेक्षा नव्हती त्याचा शब्द ऐकून परीक्षकांनी मान खाली घातली, अशी सातशे वर्षे जपलेली कथा. आकाशातून हाक कधी येईल हे आपल्या हातात नाही. ऐकण्याचा सराव मात्र आजपासून, इथल्याच माणसांपासून करता येतो, आणि तो घडवणे हे विज्ञानकथेचे खरे काम आहे.